बिघाडासकट हुबेहूब

फील्ड प्रोग्रॅमेबल गेट अ‍ॅरे, थोडक्यात एफपीजीए, ही आपण पुढे कोण होणार हे न ठरवताच कारखान्याबाहेर पडलेली चिप असते. इतर चिपांचे भवितव्य जन्माआधीच ठरलेले असते: एखादी आयुष्यभर बेरजा करणार, एखादी वॉशिंग मशीनचा ड्रम फिरवणार. एफपीजीएच्या पोटात मात्र नुसते हजारो छोटे ठोकळे आणि त्यांना हवे तसे जोडता येईल असे तारांचे जाळे असते. कोणता ठोकळा कशाला जोडायचा हे चिप विकत घेणारा ठरवतो आणि मत बदलले तर पुन्हा ठरवतो. झायलिंक्स कंपनीने १९८५ मध्ये बाजारात आणलेल्या एक्ससी२०६४ या पहिल्या एफपीजीएत असे ६४ ठोकळे होते. आज छंदिष्टांच्या टेबलावर सर्रास आढळणाऱ्या चिपमधले घटक १ लाख १० हजारांच्या घरात जातात.

ठोकळा स्वतः काही विचार करत नाही. त्याच्यात एक छोटा तक्ता असतो: आत अमुक आले तर बाहेर तमुक द्यायचे. बहुतेक एफपीजीएंमध्ये हे तक्ते अशा मेमरीत असतात की वीज गेली की सगळे पुसले जाते. त्यामुळे चिपला दर वेळी चालू होताना आपण कोण हे पुन्हा सांगावे लागते. सकाळी तिला सांगितले की तू मोबाइलच्या टॉवरमधले यंत्र आहेस, तर ती तसे वागते. संध्याकाळी सांगितले की तू १९८२ सालचा घरगुती संगणक आहेस, तर तेही निमूटपणे मान्य करते. टॉवर, रडार, वैद्यकीय स्कॅनर अशा गंभीर ठिकाणी तिला चांगली मागणी आहे. प्रस्तुत लेखाचा विषय दुसरा, म्हणजे संध्याकाळचा, उपयोग आहे.

चिपला हे सांगण्यासाठी व्हेरिलॉग किंवा व्हीएचडीएल या भाषा वापरतात. दिसायला त्या प्रोग्रॅमिंगच्या भाषांसारख्या असतात आणि नवशिक्याची पहिली फसगत इथेच होते. प्रोग्रॅममधल्या ओळी एकीमागून एक चालतात. इथल्या ओळी हे सर्किटचे वर्णन असते, त्यामुळे गृहनिर्माण सोसायटीच्या वार्षिक सभेतल्या सभासदांप्रमाणे त्या सगळ्या एकाच वेळी बोलतात. फरक एवढाच, की इथे घड्याळाच्या प्रत्येक ठोक्याला ठरावही मंजूर होतो. महाराष्ट्रातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या विद्यार्थ्यांची या भाषांशी गाठ प्रॅक्टिकलला पडते. तिथे चौकातल्या सिग्नलचा लाल-पिवळा-हिरवा खेळ चिपमध्ये उतरवला जातो, जर्नलवर सही होते आणि संबंध संपतो. त्याच इमारतीत दुसऱ्या प्रयोगशाळेत १९७६ सालचा ८०८५ हा मायक्रोप्रोसेसर वर्षानुवर्षे शिकवला गेला. जुने संगणक टिकवून धरण्याचे काम इतर देशांत छंदिष्ट करतात. आपल्याकडे ते बराच काळ अभ्यासक्रमाने केले.

जुने यंत्र पुन्हा घडवण्याची गरज पडते, कारण मूळ यंत्रे मरत आहेत. कपॅसिटर गळतात, कीबोर्डचे पडदे चिरतात आणि जी चिप फक्त त्याच संगणकासाठी बनवली होती ती जळाली तर दुसरी मिळत नाही. झायलॉगने १९७६ पासून बाजारात असलेल्या झेड८० या प्रोसेसरच्या मूळ चिपची शेवटची मागणी जून २०२४ पर्यंतच घेतली जाईल असे जाहीर केले, तेव्हा ती इतकी वर्षे तयार होत होती हेच अनेकांना त्या दिवशी कळले. दुसरे कारण कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडत नाही. या क्षेत्रातला कार्यकर्ता बहुधा पन्नाशीचा असतो. लहानपणी घरच्यांनी जो संगणक ‘अभ्यासाचे काय?’ म्हणून घेऊन दिला नाही, तोच आता हा कार्यकर्ता स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या हाताने, ट्रान्झिस्टरपर्यंत खाली उतरून बनवतो. अभ्यास तर होतोच, फक्त ४० वर्षे उशिरा.

नमुना म्हणून सिंक्लेअर कंपनीचा झेडएक्स स्पेक्ट्रम घेणे योग्य ठरते. तो २३ एप्रिल १९८२ रोजी ब्रिटनमध्ये जाहीर झाला. १६ केबी मेमरीचा १२५ पौंडांना आणि ४८ केबीचा १७५ पौंडांना. कीबोर्ड रबराचा होता आणि त्याला हात लावण्याचा अनुभव मृत मांसाला स्पर्श केल्यासारखा आहे, असे त्या काळचे समीक्षक लिहीत. या संगणकाशी महाराष्ट्राचे थेट नाते आहे: १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात पुण्याच्या डेसी बेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने परवाना घेऊन ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ नावाने तो भारतात विकला. तोवर कीबोर्ड प्लॅस्टिकचा झाला होता, म्हणजे मृत मांसाचा अनुभव भारतीय ग्राहकाला नाकारण्यात आला.

स्पेक्ट्रम स्वस्त कसा झाला, हे कळले की त्याची नक्कल महाग का पडते हेही कळते. ४८ केबीच्या यंत्रातली वरची ३२ केबी मेमरी ज्या चिपांची होती, त्या मुळात ६४ किलोबिटच्या चिपा होत्या, पण अर्ध्या नासक्या निघालेल्या. सिंक्लेअरने त्या स्वस्तात उचलल्या आणि चांगला अर्धा भाग वापरला. आठही चिपांचा तोच अर्धा भाग चांगला असावा लागे, म्हणून कोणता ते ठरवणारी एक जोडणी बोर्डावर ठेवली होती. संगणकाचा गाडा हाकणारी युएलए ही फेरांटी कंपनीची चिपही अर्धवट तयार अवस्थेत मिळे: आतले घटक ठरलेले आणि शेवटचा जोडणीचा थर गिऱ्हाइकाच्या सांगण्याप्रमाणे. एफपीजीएची ती थोरली चुलती म्हणायला हरकत नाही, मात्र तिचे मत एकदाच विचारले जाई. पहिल्या खेपेच्या यंत्रांमध्ये या युएलएत चूक निघाली. यंत्रे तयार झालेली, गिऱ्हाईक दारात. तेव्हा एक छोटी चिप पाय वर करून बोर्डाला चिकटवली आणि तारांनी जोडून वेळ निभावून नेली. त्या जोडणीला ‘मेलेले झुरळ’ असे नाव पडले. पुढे चूक दुरुस्त झाली आणि झुरळ गेले. ते अंगावर असलेले यंत्र आज संग्राहक अभिमानाने दाखवतात.

हे सगळे दिसणारे दोष झाले. नक्कल करणाऱ्याची खरी कसोटी न दिसणाऱ्या दोषांवर लागते. पडद्यावर चित्र काढण्यासाठी युएलएला मेमरी वाचावी लागे आणि प्रोग्रॅम चालवण्यासाठी प्रोसेसरलाही तीच मेमरी लागे. दोघांचे पटावे अशी काही योजना करण्यापेक्षा युएलएला एक सरळ अधिकार दिला गेला: ती वाचत असताना प्रोसेसरचे घड्याळ बंद पाडायचे. त्यामुळे पडद्यावर रेषा काढली जात असताना पहिल्या १६ केबीला हात लावणारा प्रोसेसर कधी सहा ठोके थांबतो, कधी पाच, मग चार, तीन, दोन, एक, शून्य, शून्य आणि पुन्हा सहा. एक चित्र पूर्ण व्हायला ६९,८८८ ठोके लागतात. नंतरच्या १२८ केबीच्या मॉडेलमध्ये ७०,९०८. हे आकडे एखाद्या ठोक्याने जरी चुकले, तरी काही खेळांत रंगाची पट्टी सरकते, आणि ती सरकलेली पाहून दुखावले जाणारे लोक जगात आहेत.

रंगांची तऱ्हा अशी, की पडदा २५६ × १९२ ठिपक्यांचा, पण ८ × ८ च्या प्रत्येक चौकोनात दोनच रंग. हिरव्या झाडाजवळून पांढरा नायक गेला की एकतर झाड पांढरे पडते किंवा नायक हिरवा होतो. त्या काळी हे अडचणीचे वाटे. आज एफपीजीएवर प्रत्येक ठिपक्याला वेगळा रंग देणे अत्यंत सोपे आहे आणि म्हणूनच कोणी तसे देत नाही. नायक नियमाप्रमाणे हिरवा झालाच पाहिजे. प्रोसेसरच्या एका विशिष्ट रजिस्टरमध्ये विशिष्ट आकडा पडला तर पडद्यावर बर्फ पडल्यासारखे ठिपके उडत, तोही एक अपघातच. बर्फ पडला नाही तर नक्कल अपुरी समजतात. कशालाच न जोडलेले पोर्ट वाचले तर युएलए त्या क्षणी जे वाचत असेल त्याचा उष्टा आकडा हाती येई. आर्कनॉइडसारख्या खेळांच्या लेखकांनी या अपघाताचा उपयोग पडद्याशी ताल जुळवायला करून घेतला. त्यामुळे पोर्टाला काहीही जोडलेले नसणे ही गोष्टसुद्धा आता काळजीपूर्वक बनवावी लागते.

कमोडोर ६४ या १९८२च्याच संगणकात हा प्रकार संगीतापर्यंत पोचला. बॉब यानेस यांनी आखलेल्या सिड या ध्वनी-चिपला आवाजाची पातळी बदलली की टक् असा आवाज करण्याची खोड होती. प्रोग्रॅमरनी पातळी सेकंदाला हजारो वेळा बदलून त्या टकटकीतून ढोल आणि माणसाचा आवाज काढला. पुढच्या ८५८० या आवृत्तीत अभियंत्यांनी खोड जवळजवळ घालवली, आणि ढोल व माणूस दोघेही पुटपुटू लागले. हळहळलेल्या मंडळींनी चिपच्या एका पायाला रेझिस्टर जोडून दोष परत आणला. शिवाय सिडमधले फिल्टर अ‍ॅनालॉग असल्याने दोन चिपा सारख्या वाजत नाहीत. तेव्हा नक्कल नेमकी कोणाच्या सिडची करायची, या प्रश्नावर साधारणपणे प्रत्येकाचे उत्तर ‘माझ्या’ असे असते. अल्टिमेट ६४ या एफपीजीएवरच्या आधुनिक बोर्डाने यातून शहाणपणाची वाट काढली: सिडची नक्कल दिली आणि ज्याला ती पटत नाही त्याच्यासाठी खरी सिड बसवायला खाचही दिली.

ही सगळी माहिती मिळते कुठून, तर अधिकृत पुस्तिकांमधून फार थोडी. पुस्तिकेत चिपने काय करावे ते असते. हवे असते ते ती काय करते. १९७५ साली २५ डॉलरना विकला जाऊन खळबळ उडवणाऱ्या ६५०२ प्रोसेसरच्या पुस्तिकेत २५६ पैकी १५१ आज्ञा दिल्या होत्या. उरलेल्या १०५ दिल्या तर काय होईल यावर कंपनीने मौन बाळगले आणि प्रोग्रॅमरनी साहजिकच त्याच वापरल्या. त्यांपैकी एक-दोघींचे उत्तर कोणती चिप आहे आणि ती किती तापली आहे यावर अवलंबून असते. हवामानाप्रमाणे बदलणारे गणित डिजिटल तर्कात उतरवणे हे या शास्त्रातले अवघड प्रकरण मानले जाते.

पुस्तिका संपल्या की मूळ चिपलाच विचारावे लागते. आधी तिच्या पायांना उपकरणे लावून हजारो नोंदी घेतात. तेवढ्याने भागले नाही तर वेष्टन आम्लाने विरघळवून आतल्या सिलिकॉनचे सूक्ष्मदर्शकाखाली फोटो काढतात आणि ट्रान्झिस्टर एकेक करून मोजतात. दुर्मीळ चिप कायमची जतन करण्याचा सर्वांत विश्वासार्ह मार्ग तिला आम्लात बुडवणे हा आहे, आणि तिच्या मालकाला हे समजावून सांगणे प्रत्यक्ष बुडवण्यापेक्षा कठीण जाते. ६५०२चा असा संपूर्ण नकाशा काढून त्यातला प्रत्येक ट्रान्झिस्टर चालताना दाखवणारा ‘व्हिज्युअल ६५०२’ प्रकल्प २०१० मध्ये लोकांसमोर आला. त्यात सुमारे साडेतीन हजार ट्रान्झिस्टर होते, म्हणून जमले.

संपूर्ण संगणक एफपीजीएत उतरवण्याच्या प्रयत्नांत २००५ हे वर्ष महत्त्वाचे. त्या वर्षी नेदरलँड्सच्या डेनिस व्हान वीरेन यांनी कमोडोरचा अमिगा हा संगणक एका एफपीजीएत बसवायला घेतला. अमिगाची कीर्ती त्याच्या अ‍ॅग्नस, डेनिस आणि पॉला या तीन खास चिपांमुळे होती. आता एका डेनिसने दुसरीला घडवावे हा योगायोग, मात्र इंग्रजी स्पेलिंग वेगळे. तीनही चिपा स्पार्टन-३ या एफपीजीएत मावल्या. ६८००० हा प्रोसेसर मात्र खराच लावला. २००७ मध्ये त्यांनी मिनीमिग हा आराखडा सर्वांसाठी खुला केला. तो एका बोर्डावरून दुसऱ्यावर जात राहिला, वाटेत प्रोसेसरही एफपीजीएत शिरला, आणि २०१७ पासून तो मिस्टर या प्रकल्पात नांदतो आहे. मिस्टरसाठी लागणारा डीई१०-नॅनो हा तैवानच्या टेरासिक कंपनीचा बोर्ड मुळात विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी काढलेला. विद्यार्थ्यांचे वडील तो वापरतील हे कंपनीच्या मनात असण्याची शक्यता कमी.

मिस्टरवर प्रत्येक जुन्या यंत्राच्या आराखड्याला ‘कोअर’ म्हणतात. मेन्यूतून कोअर निवडला की चिप काही सेकंदांत जुने रूप टाकून नवे घेते: स्पेक्ट्रमचा कमोडोर होतो, कमोडोरचा पीडीपी-१. पीडीपी-१ हा १९५९ मध्ये दाखवला गेलेला संगणक सुमारे पाऊण टन वजनाचा होता. त्याच्या गोल पडद्यावर ठिपके हळूहळू विझत. तो विझण्याचा मंदपणाही कोअरमध्ये आहे. या बोर्डावर १ जीबी मेमरी असते, म्हणजे ४८ केबीच्या स्पेक्ट्रमला पिढ्यान्पिढ्या पुरेल इतकी, पण ती बऱ्याच कोअरना चालत नाही. ही आधुनिक मेमरी भरपूर माहिती झपाट्याने ओतते, मात्र मागणी केल्यावर पहिला दाणा द्यायला वेळ लावते आणि कधी किती ते सांगत नाही. जुन्या यंत्राला एकच बाइट हवा असतो, पण ठरल्या ठोक्याला. म्हणून बोर्डाच्या डोक्यावर ३२ किंवा १२८ एमबीची जुन्या धाटणीची वेगळी मेमरी खोचावी लागते.

एफपीजीएवाल्यांचा वाद असतो तो एम्युलेटरवाल्यांशी. एम्युलेटर म्हणजे जुन्या संगणकाचे सोंग घेणारे साधे सॉफ्टवेअर. ते फुकट मिळते आणि घरच्या संगणकावर चालते, हा त्याचा मुख्य दोष. एफपीजीएवाले सांगतात की सोंग वेगळे आणि खरे सर्किट वेगळे. यात तथ्य आहे: जे काम मूळ यंत्रात दहा चिपा एकाच वेळी करत, ते एम्युलेटर एकेक करून उरकते. ३.५८ मेगाहर्ट्झच्या सुपर निन्टेन्डोचे काटेकोर सोंग घ्यायला ३ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर लागतो, असा हिशेब २०११ मध्ये मांडला गेला होता. एफपीजीएत कामे खरोखर एकाच वेळी होतात आणि बटण दाबल्यापासून नायक उडी मारेपर्यंतचा वेळ मूळ यंत्राइतकाच राहतो. पण एफपीजीए म्हणजे आपोआप अचूक, हा दावा टिकत नाही. चुकीचे समजलेले सर्किटही तितक्याच तत्परतेने आणि एकाच वेळी चुकते.

उडीतला वाचवलेला वेळ पुढे एचडीएमआयने टीव्हीकडे जातो, आणि टीव्ही चित्र सुंदर करण्याच्या नादात तो खाऊन टाकतो. शिवाय स्पेक्ट्रम सेकंदाला ५०.०८ चित्रे काढतो, ती अनेक टीव्हींच्या पचनी पडत नाहीत. सबब कट्टर मंडळी भंगारवाल्याकडून २५ किलोचा पिक्चर ट्यूबचा टीव्ही आणतात. घरात त्याला जागा नसलेल्यांसाठी नव्या पडद्यावर जुन्या ट्यूबच्या काळ्या आडव्या रेषा आणि जाळी काढून देण्याची सोय मिस्टरमध्ये आहे. चित्र इतके सुबक बिघडवले जाते की त्यासाठी डझनावारी प्रकारच्या जाळ्या उपलब्ध आहेत.

कायद्याची बाजू थोडक्यात. सर्किटची नक्कल स्वतः केलेली असली तरी आतला रॉम, म्हणजे यंत्रात कायमचा कोरलेला प्रोग्रॅम, कोणाच्या तरी मालकीचा असतो. सिंक्लेअरचा संगणक-व्यवसाय अ‍ॅमस्ट्रॅडने १९८६ मध्ये विकत घेतला आणि पुढे स्पेक्ट्रमचे रॉम एम्युलेटरसोबत वाटायला उदारपणे परवानगी दिली. कमोडोर १९९४ मध्ये बुडाली आणि अमिगाचे हक्क वडिलोपार्जित जमिनीइतक्या हातांत वाटले गेले.

या छंदाचे सर्वांत भारदस्त फळ म्हणजे स्पेक्ट्रम नेक्स्ट. २०१७ मध्ये लोकवर्गणीतून ७ लाख पौंडांहून अधिक रक्कम जमली आणि २०२० मध्ये यंत्रे देणगीदारांच्या हाती पडली. पेटीचा आकार मूळ स्पेक्ट्रमची पेटी आखणाऱ्या रिक डिकिन्सन यांनीच आखला होता. तो घरोघरी पोचण्याआधी, २०१८ मध्ये, ते वारले. या पहिल्या यंत्रांत स्पार्टन-६ ही एफपीजीए आहे. सोबत रास्पबेरी पाय झीरो जोडता येतो. हा स्वतःच १ गिगाहर्ट्झचा आणि ५१२ एमबी मेमरीचा संगणक. त्याच्याकडे सोपवलेले एक प्रमुख काम म्हणजे कॅसेट वाजवणे. जुने खेळ कॅसेटवर कर्कश किंकाळ्यांच्या रूपात साठवलेले असत आणि चढायला चार-पाच मिनिटे घेत. तोच खेळ एसडी कार्डावरून क्षणात चढू शकतो, पण किंकाळ्या ऐकत बसण्याची इच्छा असलेल्या ग्राहकासाठी हा सक्षम संगणक टेपरेकॉर्डर होतो आणि पडद्याच्या कडेला पिवळे-निळे पट्टे नाचतात.

स्पार्टन-६ आता स्वतःच जुनी झाली आहे. तिच्यासाठी आराखडे बांधणारे आयएसई हे सॉफ्टवेअर झायलिंक्सने २०१३ मध्ये १४.७ या आवृत्तीवर थांबवले. त्यानंतरचे व्हिवाडो तिला ओळख दाखवत नाही, आणि आयएसईचे विंडोज १० शी पटले नाही. कंपनीने तोडगा काढला आणि विंडोज १० साठीचे म्हणून जे आयएसई दिले, ते उघडले की एक आभासी संगणक सुरू होतो, त्यात लिनक्स चालू होते आणि त्यात आयएसई. तेव्हा सॉफ्टवेअरचे सोंग नको, अस्सल हार्डवेअर हवे, असे म्हणणाऱ्याला या नेक्स्टच्या कोअरमध्ये एक ओळ बदलायची झाली, तर आधी हे सोंग चालू होईपर्यंत थांबावे लागते.